हुंगू नये

"नाक आत जाऊ द्या. अगदी आत," वाइन चाखायला देणारी ती मुलगी म्हणाली, आणि माझा हात ग्लासासकट मध्येच थांबला.

वय वर्षं एकसष्ट. समोर चिलीतलं अपाल्ताचं खोरं, घोड्याच्या नालेसारखं तिन्ही बाजूंनी डोंगरांनी धरलेलं. हातात लाल वाइन. शेजारी नवरा, लेक, जावई, सगळे आज्ञाधारकपणे नाकं खुपसून बसलेले. आणि मला ऐकू आलं ते आजीचं, "हुंगू नये गं. कुत्रं आहेस का?"

आमच्याकडे हुंगायला बंदी होती. परडीतलं फूल देवाला वाहायच्या आधी नाकाशी नेलं की ते बाद. पुरण शिजत असताना पातेल्यावर वाकलं की पाठीत धपाटा. नैवेद्याचं ताट देवघरात जाईपर्यंत आम्ही मुलं तोंडानं श्वास घ्यायचो, खोटं नाही सांगत. वासानंसुद्धा उष्टं होतं, असं आजीचं म्हणणं. सूट फक्त आंब्याला. पेटीतला एकेक आंबा उचलून देठापाशी नाक लावायचं आणि पिकला की नाही ते सांगायचं, हे काम उलट माझ्याकडेच होतं. तेव्हा मात्र "हिचं नाक चांगलं आहे" असं कौतुक व्हायचं. त्या कौतुकानं मी बिघडले. आजतागायत मी सगळं हुंगते. दुधाचं पातेलं, धुतलेला टॉवेल, नव्या छत्रीचं कापड, उघडायच्या आधी कुरिअरचं पाकीट. नवरा म्हणतो, विमानतळावर तुला नोकरी लागेल.

तर नाक घातलं आत. आजी, क्षमा कर.

लेक तीन वर्षांपासून सांतियागोत आहे. एप्रिलमध्ये आपल्याकडे घामाच्या धारा आणि तिथे पानगळ सुरू, म्हणून आम्ही त्या वेळी गेलो. सांतियागोपासून दक्षिणेला दोन-अडीच तासांवर कोल्चाग्वा, आणि त्यात हे अपाल्ता. वायनरी म्हणजे मला वाटलं होतं कौलारू कोठार असेल. ही तर डोंगर पोखरून आत मजल्यांवर मजले उतरत गेलेली. द्राक्षं वरच्या मजल्यावर येतात आणि वाइन होत होत आपल्याच वजनानं खाली उतरते, पंप लावायचा नाही, त्यानं तिला त्रास होतो म्हणे. बाळंतिणीची असते तशी बडदास्त. आम्ही चाखणार होतो ती इथली मुख्य वाइन, 'क्लो अपाल्ता'. तिच्या 2005 च्या बाटलीला 2008 साली 'वाइन स्पेक्टेटर' या अमेरिकन मासिकानं वर्षातली सर्वोत्तम वाइन ठरवलं होतं. ही माहिती मिळेपर्यंत नवरा निवांत होता. मग त्यानं किंमत विचारली.

"लाखाच्या वर," जावई म्हणाला.

नवऱ्यानं ग्लास टेबलावर ठेवला, दोन्ही हातांनी. पेसो आहेत, रुपये नव्हेत, हजार पेसो म्हणजे आपले नव्वदेक, हे कळल्यावर त्यानं तो परत उचलला, पण आधीचा मोकळेपणा काही आला नाही. टेबलावर थुंकायला एक भांडंही होतं. चव घ्यायची आणि थुंकायची, जाणकार तसंच करतात. थोडक्यात पिकदाणी. आमच्यापैकी कुणी तिच्याकडे वळूनही बघितलं नाही. नऊ-दहा हजारांची वस्तू थुंकायची?

"काय काय जाणवतंय?" मुलीनं विचारलं.

आता हा प्रकार मला आवडत नाही. चवीची परीक्षा. या बाटल्यांवर आणि माहितीपत्रकांवर काय काय लिहिलेलं असतं: सिगारचा डबा, चामडं, पेन्सिलीचं शिसं, ओली माती. सिगारचा डबा मी जन्मात हुंगलेला नाही. माझ्या माहितीतला डबा म्हणजे गोड्या मसाल्याचा. तरी डोळे मिटले आणि खरंच काहीतरी ओळखीचं वर आलं, पण ते इंग्रजीत येईना. "जांभूळ," मी म्हणाले. लेकीनं भाषांतर केलं, तरी मुलीच्या चेहऱ्यावर काही उमटेना. चिलीत कुणाला जांभूळ कुठून माहीत असणार? खाल्ल्यावर जीभ जांभळी होते, आम्ही एकमेकांना जीभ दाखवायचो, असं मी हातवारे करून सांगितलं. मग घोट घेतला. हिरड्यांवर, गालांच्या आतून, एक मऊ तुरटपणा पसरला आणि तिथेच राहिला. तुरट हा आपला शब्द किती नेमका आहे हे त्या दिवशी कळलं. इंग्रजीत त्यासाठी प्रयोगशाळेतला शब्द काढावा लागतो. आपल्याकडे जीभ फुटल्यापासून पोराला आवळा, हिरडा, कच्चं केळं यांतून तो शिकवलेला असतो.

आणि त्या सगळ्याच्या मागे, घोट गिळून झाल्यावर, नाकात खालून वर एक वास आला. ढोबळी मिरची. बिया काढताना येतो ना, देठ दाबून आत ढकलल्यावर, तो. अगदी पुसट.

म्हणावं की नाही? लाखाची वाइन आणि मी म्हणणार ढोबळी मिरची. पण नाक चांगलं असल्याचा जुना गर्व. म्हणाले. मुलगी हसली, पण मला हसली नाही. म्हणाली, "तुम्ही कार्मेनेर पकडलंत."

मग तिनं जे सांगितलं, आणि नंतर लेकीच्या घरी सोफ्यावर आडवं होऊन मी जे वाचलं, ते असं. ही वाइन एका द्राक्षाची नाही. मिश्रण आहे, जास्त करून कार्मेनेर, सोबत कॅबर्ने सोव्हिन्याँ आणि मेर्लो, दर वर्षी प्रमाण वेगळं. कार्मेनेरमध्ये आणि ढोबळ्या मिरचीत वासाचं द्रव्य एकाच जातीचं. लिटरभरात ग्रॅमचे काही अब्जांश असले तरी माणसाच्या नाकाला कळतं. द्राक्ष कच्चं तोडलं तर ते डोकं वर काढतं, वेलीवर भरपूर ऊन खाऊन पिकलं तर मागे सरतं. चांगला वाइनवाला ते जवळजवळ घालवतो. जवळजवळ. गोड्या मसाल्यातलं दगडफूल नुसतं हुंगा, भिजक्या भिंतीसारखं लागेल. पण ते वगळून केलेल्या मसाल्याची आमटी करून बघा.

हे कार्मेनेर मूळचं फ्रान्सचं, बोर्दोचं. 1850 च्या सुमारास चिलीच्या श्रीमंतांना बोर्दोसारखी वाइन आपल्याकडेही हवीशी झाली आणि त्यांनी तिथून काड्या आणवल्या. त्या गठ्ठ्यांत हेही आलं. मग 1860 च्या दशकात युरोपात फिलोक्झेरा नावाची बारकी कीड उतरली, अमेरिकेतून गेलेली, मुळांचा रस शोषणारी. तिनं फ्रान्सचे मळेच्या मळे वाळवले. उपाय सापडला तो अमेरिकन मुळांवर फ्रेंच काडीचं कलम करण्याचा. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. निफाडच्या मामेभावाच्या बागेत मी 'डॉगरिज' हा शब्द घरच्या गड्याच्या नावासारखा ऐकला आहे. खाली डॉगरिजची मुळं, वर थॉमसनचं द्राक्ष. लहानपणी मला वाटायचं डॉगरिज नावाचे कुणी साहेब येऊन गेले असावेत.

तर फ्रान्सनं पुन्हा लावणी केली, पण कार्मेनेर त्यात फारसं घेतलं नाही. उशिरा पिकतं, फुलोरा गळतो, बेभरवशाचं. तिकडे ते संपल्यात जमा झालं. चिलीला मात्र एका बाजूला अँडीज, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि उत्तरेला वाळवंट. कीड पोहोचलीच नाही. वेली आपल्याच मुळांवर उभ्या राहिल्या आणि कार्मेनेर जगलं. फक्त नाव गेलं. मेर्लोच्या रांगांत मिसळलेलं होतं, म्हणून त्यालाही मेर्लोच म्हणत. शंभरावर वर्षं. मेर्लो पिकलं की सगळी रांग एकदम तोडायची, आणि कार्मेनेरला तर त्यापुढे तीन-चार आठवडे लागतात. मग वाइनला मिरचीचा वास. लोक म्हणणार, चिलीचं मेर्लो जरा विचित्रच असतं बाई.

24 नोव्हेंबर 1994 ला झाँ-मिशेल बुर्सिको नावाचे फ्रेंच द्राक्षतज्ज्ञ चिलीतल्या माइपोच्या खोऱ्यात 'विन्या कार्मेन'च्या मळ्यातून चालत होते. नोव्हेंबर म्हणजे तिथे फुलोऱ्याचे दिवस. एका वेलीपाशी ते थांबले आणि फुलाकडे बघत राहिले. द्राक्षाचं फूल ते केवढं, साबुदाण्याच्या दाण्याएवढं. त्यातले पुंकेसर पिळवटलेले होते. मेर्लोचे सरळ असतात. हे मेर्लो नाही, म्हणाले, हे कार्मेनेर.

परतताना मळ्यातून चालत आलो. काही वेलींची पानं पिवळी पडली होती आणि काहींची लालभडक, कुंकवाची वाटी उपडी झाल्यासारखी. कार्मेनेर हे नाव त्या किरमिजी रंगावरूनच पडलं म्हणतात. म्हणजे दर वर्षी पानगळीत ती वेल लाल होऊन आपलं नाव सांगत होती. नवरा पुढे निघून गेला होता. मिरची मुळात याच खंडाकडची, पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणली, बटाटासुद्धा, मग उपासाला आपण खातो काय तर यांचंच, असं तो जावयाला ऐकवत होता. घोटाचा परिणाम.

जावयानं एक बाटली घेतलीच. शनिवारी दुपारी सांतियागोच्या घरी ती उघडली, भाताबरोबर, कारण लेकीनं माझ्याकडून भरली ढोबळी मिरची करून घेतली होती. बेसन लावून, खमंग. जोडी मुळीच जमली नाही. वाइन मिरचीपुढे पार चिडीचूप झाली. पण मजा आली. मी दोन चमचे मोजून पाणी घालू लागले तेव्हा जावयानं ग्लासावर हात धरला.

ही सवय आजीची. तुळशीची माळ घातलेली बाई, कांदा-लसूण चातुर्मासात बंद, आणि रोज दोन्ही वेळा जेवणानंतर द्राक्षासव. दोन चमचे आसव, दोन चमचे पाणी, काशाच्या छोट्या वाटीत. पचनाला. बाटलीवर बारीक अक्षरात अल्कोहोल आहे असं छापलेलं असायचं, ते माझ्या काकानं एकदा मोठ्यानं वाचून दाखवलं. आजी म्हणाली, "ते औषधातलं. औषधातलं वेगळं असतं." धायटीच्या फुलांनी ते आंबवतात हे तिला माहीत होतं, फुलं कशी दिसतात हेही. वाटी तोंडाला लावायच्या आधी ती क्षणभर नाकाशी धरायची. हो, हुंगायची! मी पकडलं होतं एकदा. तर म्हणाली, "खराब झालंय का ते बघत होते."

वाटी रिकामी झाली की ती जरा सैल व्हायची. अशाच एका रात्री, साताऱ्याला कुणाचं तरी लग्न होतं तेव्हा, मांडवातली जेवणं उरकून आम्ही बायका-पोरी एका खोलीत आडव्या झालो होतो. एक म्हातारी बाई आत आली. कुणाच्या बाजूची, आम्हाला ठाऊक नव्हतं. तिनं आजीकडे निरखून पाहिलं, मग खाली बसून तिच्या कानाची पाळी दोन बोटांत धरली. पाळीला खालून एक चीर होती, लहानपणी बाळी ओढली गेल्याची. "तू यमू ना?" ती म्हणाली.

आजीचं नाव इंदिरा. बँकेत इंदिरा, रेशनकार्डावर इंदिरा, आजोबांच्या उखाण्यातही तेच. लग्नात तांदळात बोटानं लिहिलेलं नाव. मलाही सासूबाईंनी लिहिलं होतं एक, पण माझं टिकलं नाही, तेव्हा मी नोकरीला लागले होते आणि मस्टरवर जुनंच होतं. आजीला मस्टर नव्हतं.

आजीनं लगेच उत्तर दिलं नाही. आणि मग जी हसली, ते हसणं आम्ही कधी ऐकलेलं नव्हतं. त्या दोघी पहाटेपर्यंत बोलत होत्या. मी झोपले. दहा वर्षांची होते, झोप येते त्या वयात.

बाटली धुऊन ठेवली आहे. नवऱ्याला ती पुण्याला न्यायची आहे, मनीप्लांट लावायला. काच जाड आहे म्हणतो, आणि एवढ्या पैशांत निदान काहीतरी उरलं पाहिजे.

त्याच रात्री मी काकाला फोन लावला. इकडे आठ वाजले होते, तिकडे पहाटेचे साडेपाच, पण तो उठलेला असतो. सत्त्याऐंशी पूर्ण झाली. इकडचं तिकडचं बोलून मग विचारलं, आजीचं माहेरचं नाव नक्की काय होतं रे? यमुना? की यमू नुसतंच लाडाचं?

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मला वाटलं फोन कटला.

"नाव?" तो म्हणाला. "आम्ही आई म्हणायचो तिला."