पाच मिलिग्रॅम मॉर्फिन आणायला साडेचार महिने

लॅबमध्ये नवीन होतो तेव्हा वाटायचं स्टँडर्ड (ज्याच्याशी ताडून नमुना मोजतात ते नेमक्या प्रमाणाचं द्रावण) म्हणजे काय, कॅटलॉग नंबर टाकायचा आणि कुरिअरची वाट बघायची. लघवीतलं मॉर्फिन एलसीएमएसवर, म्हणजे पदार्थ वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्रावर, मोजायचं काम आलं आणि सर्टिफाइड स्टँडर्ड मागवायची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली, तेव्हा कळलं. अँप्युलमध्ये औषध असतं जेमतेम १ मिलिग्रॅम, १ मिली मेथॅनॉलमध्ये विरघळवलेलं, पण १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याला ते मॉर्फिनच. म्हणजे आधी ग्वाल्हेरच्या नार्कोटिक्स कमिशनरचं इम्पोर्ट सर्टिफिकेट, ते दाखवल्यावर तिकडच्या देशाची एक्सपोर्ट परवानगी, मग कुठे पार्सल हलणार.

अर्ज भरला, कागद जोडले, आणि दीड महिन्याने क्वेरी आली. चूक माझीच होती. सप्लायरच्या प्रोफॉर्मावर, म्हणजे आगाऊ बिलावर, ५ मिली लिहिलेलं, मी अर्जात मॉर्फिन ५ ग्रॅम टाकून बसलो होतो, रात्री आठ वाजता फॉर्म भरला की असंच होतं. खरं म्हणजे ५ अँप्युल गुणिले १ मिलिग्रॅम, ०.००५ ग्रॅम. तुलनेसाठी नमुन्यात मिसळायचं, ड्युटेरियमवालं (जड हायड्रोजनचं) मॉर्फिन-डी३ वेगळं, ते १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली, म्हणून २ अँप्युलचे ०.०००२ ग्रॅम. आमच्या लॅबच्या मॅडम म्हणाल्या, "अरे, हजारपट मागवलंस! प्रोफॉर्मा, अर्ज, सगळीकडे वजन एकाच युनिटमध्ये लिही, आणि बेस की सॉल्ट तेही." बेस म्हणजे नुसतं मॉर्फिन, सॉल्ट म्हणजे त्याचा आम्लाबरोबरचा क्षार. ते बेस-सॉल्ट प्रकरण साधं नाहीये बरं का, १ मिलिग्रॅम मॉर्फिन बेस हवं तर सल्फेट पेंटाहायड्रेट साधारण १.३३ मिलिग्रॅम लागतं.

सुधारून पाठवलं, पुढे सुरळीत झालं. कार्गोत मात्र पार्सल तीन दिवस पडून राहिलं, एजंट रोज म्हणायचा उद्या सुटेल. माझा जीव वर-खाली, कारण लेबलवर उणे २० अंश लिहिलेलं.

शेवटी आलं. लॉट नंबर सर्टिफिकेटशी ताडून बघितला, आयएसओ १७०३४ (स्टँडर्ड बनवणाऱ्यांसाठीचं मानक) चा उल्लेख आहे ना ते बघितलं, लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलच्या ऑडिटला आधी तोच कागद मागतात. अँप्युल खोलीच्या तापमानाला येऊ दिली, मान टिचकी मारून मोडली. आणि अख्खी १० मिलीच्या फ्लास्कमध्ये ओतणार तेवढ्यात मॅडमनी हात धरला. अँप्युलमध्ये १ मिलीपेक्षा थोडं जास्त भरलेलं असतं, सगळं ओतलं तर कॉन्सन्ट्रेशन वर जाणार आणि पेशंटचे आकडे तेवढेच खाली येणार. सिरिंजने बरोबर १ मिली घ्यायचं आणि उरलेलं रजिस्टरमध्ये नोंदवून टाकून द्यायचं, जपून ठेवायचं नाही कारण मेथॅनॉल उडत राहतं.

पीक छान आले, मॉर्फिन २८६ वस्तुमानाला, डी३ २८९ ला, दोन्ही जवळपास एकाच वेळी बाहेर.

उरलेल्या चार अँप्युल दोन कुलपांच्या फ्रीजरमध्ये आहेत. एक चावी माझ्याकडे, दुसरी मॅडमकडे, आणि मॅडम परवापासून आठवडाभर गावाला.