‘कॉन’ कुठे आणि ‘रिप-ऑफ’ कुठे?
दोन्ही इंग्रजी शब्द लुबाडण्याचे, पण ‘कॉन’ हा ‘कॉन्फिडन्स’चा, म्हणजे विश्वासाचा, तुकडा. 1849 मध्ये न्यूयॉर्कात पकडला गेलेला विल्यम थॉम्प्सन अनोळखी माणसाशी सलगी करी आणि विचारी, उद्यापर्यंत घड्याळ सोपवण्याइतका विश्वास आहे का माझ्यावर? लोक देत! वर्तमानपत्रांनी त्याला ‘कॉन्फिडन्स मॅन’ केले. आधी विश्वास, मग गंडा.

म्हणून कळंगुटला टॅक्सीने दुप्पट भाडे घेतले, तर ते ‘रिप-ऑफ’, नुसती लूट. फ्लॅटचे खोटे फोटो पाठवून, गोड बोलून आगाऊ रक्कम उकळली, की ‘कॉन’. इंग्रजीत चूक होते ती ‘कॉन’च्या पुढे जोडायच्या शब्दात: पैसे गेले तर ‘आउट ऑफ’, काही करायला लावले तर ‘इन्टू’.

आपला ‘चारसोबीस’ भारतीय दंड संहितेतल्या फसवणुकीच्या कलम 420 मधून आला. 1 जुलै 2024 पासून, नव्या भारतीय न्याय संहितेत, ते कलम 318 झाले. म्हापशाच्या बाजारात मात्र ‘तीनशे अठरा’ अजून कोणी म्हणत नाही.