यंत्रातली पौर्णिमा अखेर जागेवर आली

हँडलने फिरणाऱ्या माझ्या सूर्य-पृथ्वी-चंद्राच्या गिअर यंत्रातला तीन महिने अडलेला चंद्र शनिवारी रात्री सुटला! मागच्या वेळी लिहिलं होतं की पृथ्वीचा आस वर्षाच्या अख्ख्या फेऱ्यात ध्रुवाकडून ढळत नाही, पण चंद्र पंचांगाला जुळत नाही. 6 ऑक्टोबर 2025 च्या कोजागरीला लावून हँडल फिरवलं की त्रिपुरी पौर्णिमेला तो तीन दिवस आधीच पूर्ण व्हायचा. होळीच्या पौर्णिमेला, म्हणजे 3 मार्च 2026 ला, वद्य त्रयोदशीची कोर.

आधी संशय दातांवर गेला. चाकं अ‍ॅक्रिलिकची, लेझरने कापलेली. लेझरचा काप तिरका उतरतो, त्यामुळे प्ले (दातांमधला ढिलेपणा) येतोच. (अ‍ॅक्रिलिक नमुन्यापुरतं ठीक, पुढे पितळच घ्या.) गणपती पेठेतून पितळी पत्रा आणला आणि कुपवाड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये बसून चाकं पाडली. एका चाकाला 127 दात; ही मूळ संख्या, साध्या इंडेक्सिंगला (डिव्हायडिंग हेडच्या भोकांच्या प्लेटवर मोजून चाकाचे समान भाग पाडणं) बसत नाही. त्यासाठी डिफरन्शियल (हेडला जोडायचे जादा गिअर) लावण्यात अख्खा रविवार गेला. प्ले गेला, चूक मात्र तेवढीच. खरं तर प्लेमुळे चंद्र मागेपुढे डुलेल, महिन्याला सरासरी सव्वादोन दिवस पुढेच सरकत जाणार नाही. हे तेव्हा सुचलं नाही.

माझा हिशोब असा होता: चंद्र ताऱ्यांच्या संदर्भात 27.32 दिवसांत एक फेरा घेतो, 19 वर्षांत 254 फेरे. म्हणून दातांच्या जोड्या 127/19 आणि 40/20, गुणाकार 254/19. आकडे बरोबर, तरी उत्तर चूक.

शनिवारी वैतागून आयडलर (फक्त दिशा बदलणारं मधलं चाक) काढला, चंद्राची दांडी पृथ्वीला सूर्याभोवती फिरवणाऱ्या भुजेला क्लॅम्पने आवळली आणि नुसती भुजा फिरवली. दांडी आधी खिडकीकडे, मग कपाटाकडे, मग दाराकडे, आणि परत खिडकीकडे! एकही गिअर न चालता चंद्राने खोलीच्या हिशोबाने एक फेरा पूर्ण केला होता. वर्षाचा हा फेरा भुजाच देते, आणि मी गिअरकडूनही तो वसूल करत होतो. 19 वर्षांचे 19 फेरे वजा करा: 254 − 19 = 235.

235 लिहिल्यावर मी बघतच राहिलो. 19 × 12 = 228, अधिक 7 अधिकमास. 2004 ला अधिक श्रावण होता, पुन्हा 2023 ला आला, तो याच चक्राने. सूर्य भुजेच्या रेषेत असतो, म्हणून भुजेवर बसून मोजलेले फेरे म्हणजेच पौर्णिमा.

नवी गिअरमाला: 94/19 आणि 50/20, आयडलर तोच. 94 दातांना प्लेटवरचं 47 भोकांचं वर्तुळ, दर दाताला 20 भोकं पुढे, झालं काम. आसाचं भोक 73 वरून 56.5 मिलिमीटरवर नव्याने पाडलं. आता त्रिपुरी आणि होळी, दोन्हीकडे चूक एका दिवसाच्या आत. उरलेली चूक गिअरची नाही. खरा चंद्र लंबवर्तुळावर जवळ असताना वेगात जातो, दूर असताना रेंगाळतो. माझा एकाच गतीने जातो. गिअरची स्वतःची चूक 19 वर्षांत जेमतेम 2 तास!

पुढचं काम म्हणून त्या कमीजास्त गतीसाठी खाच-खिळ्याची जोडी ठरवली होती, पण आता आधी पातबिंदूंचं (चंद्राची कललेली कक्षा पृथ्वीच्या कक्षेची पातळी छेदते ते दोन बिंदू) कडं करतो. माझा चंद्र सपाट फिरतो, त्यामुळे दर पौर्णिमेला ग्रहण. खरी खग्रास चंद्रग्रहणं 7 सप्टेंबर 2025 आणि 3 मार्च 2026 ला झाली, मधल्या पाच पौर्णिमा कोऱ्या. कडं 5.1 अंश कललेलं हवं आणि 18.6 वर्षांत उलटा एक फेरा हवा. या वेळी भुजेचा फेरा आधीच धरला: भुजेवरून मोजलं तर वर्षाला 1 + 1/18.6, म्हणजे 1.054 उलटे फेरे. 98/93 अगदी नेमकं बसतं, पण 93 आमच्या कुठल्याच प्लेटवर नाही.

हे लिहिता लिहिता 78/74 सुचलं. 18.5 वर्षं येतात आणि 39, 37 ही दोन्ही वर्तुळं 47 च्याच प्लेटवर आहेत. मध्ये एक आयडलर टाकला की दिशाही बरोबर. प्लेट अजून डिव्हायडिंग हेडवरच आहे, रविवारी 78 पासून सुरुवात.