ज्याने पाहिलंच नाही, त्याच्या नावाचं गाव: रीनो

आईबाबा दोन महिन्यांसाठी सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात आमच्याकडे आले होते. बाबांची सगळी नोकरी रेल्वेत, तीही कर्जत-लोणावळ्याच्या पट्ट्यात. म्हणून सिएरा नेवाडा डोंगररांगेचा घाट त्यांना रेल्वेनेच दाखवायचा होता. नेवाडा राज्यातलं रीनो मोटारीने चारेक तासांवर आहे, तरीही सकाळी एमरीव्हिलहून कॅलिफोर्निया झेफर ही रेल्वेगाडी पकडली.

सॅक्रामेंटो सुटलं की लगेच मोठ्या काचांच्या डब्यात जाऊन बसा. तिथे जागा राखीव नसतात. कोलफॅक्सनंतर उजवीकडे अमेरिकन नदीची खोल दरी दिसते. माथ्यावरचा लांब बोगदा संपला की डावीकडे खाली डॉनर सरोवर. तेवढ्यासाठी तरी बाजू बदलाच. बाबा दशमीचा घास हातातच धरून रुळांचं वळण बघत होते. "इथे बँकर कुठून लावत असतील रे?" एवढंच बोलले. बँकर म्हणजे घाट चढताना गाडीला लावायचं जादा इंजिन. सेंट्रल पॅसिफिक कंपनीने हा मार्ग 1863 साली बांधायला घेतला, आणि आपल्या बोरघाटातून त्याच साली गाडी धावू लागली. इथला ग्रॅनाइट चिनी मजुरांनी फोडला. आपली गाडी ज्यातून जाते तो बोगदा नंतरचा. माथ्यावरचा मूळ बोगदा 1,659 फुटांचा आहे आणि त्यात दिवसाला फूट-दीड फूट सरकणंही मुश्कील होतं.

रीनोला फलाट रस्त्याच्या पातळीखाली आहे. 2005 साली शहरातले रूळ सुमारे दोन मैल लांबीच्या चरात उतरवले. वर आलात की व्हर्जिनिया स्ट्रीटने दक्षिणेला चालत ट्रकी नदीचा पूल गाठा, काही मिनिटांचंच अंतर आहे. गावाचा जन्म या पुलापाशी झाला. 1861 साली मायरन लेकने इथला पूल विकत घेतला. व्हर्जिनिया सिटीच्या चांदीच्या खाणींकडे जाणाऱ्यांकडून तो टोल घ्यायचा, म्हणून या जागेला लेक्स क्रॉसिंग म्हणत. रेल्वे येणार हे कळताच त्याने स्टेशनसाठी जमीन दिली. 9 मे 1868 रोजी प्लॉटचा लिलाव झाला आणि जूनमध्ये सॅक्रामेंटोहून गाडी आली.

नाव मात्र जेसी रीनोचं पडलं. हा अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेतला जनरल, सप्टेंबर 1862 मध्ये मेरीलँडमधल्या साउथ माउंटनच्या लढाईत पडला. सेंट्रल पॅसिफिक कंपनीच्या चार्ल्स क्रॉकरने टोपीतून चिठ्ठी काढून नाव ठरवलं, अशी आख्यायिका आहे. घराण्याचं मूळ फ्रेंच आडनाव रेनॉ, त्याचं इंग्रजी वळण रीनो.

पुलाच्या कठड्याला टेकून हे सांगत होतो, तेव्हा आईने विचारलं, "म्हणजे हे गाव त्या बिचाऱ्याने पाहिलंच नाही?" नाही. गाव वसलं तेव्हा त्याला जाऊन साडेपाच वर्षं झाली होती. मला विचाराल तर या गावाला इथल्या मूळच्या वाशो लोकांच्या भाषेतलं नाव शोभलं असतं. हा त्यांचा मुलूख. नदीला तरी पायूट या दुसऱ्या मूळ जमातीच्या म्होरक्याचं नाव राहिलं, याचं समाधान वाटतं. आजचा पूल 2016 चा. त्याखाली पाणी इतकं नितळ होतं की तळातले गोटे मोजता आले. नदीकाठच्या पायवाटेवर निदान तासभर ठेवा.

मुक्काम स्टेशनजवळच करा, कारण परतीची गाडी सकाळी असते. ती शिकागोहून दोन रात्री प्रवास करून येते आणि तिला उशीर होऊ शकतो, तेव्हा त्या दिवशी संध्याकाळचं विमान किंवा दुसरं काही ठरवू नका. गाव साडेचार हजार फुटांवर आहे. उन्हाळ्यातही रात्री स्वेटर लागतो. हिवाळ्यात मोटारीने जाणार असाल तर चाकांच्या साखळ्या बरोबर हव्यातच. आणि डबा घरून न्या, घाटात बसून खाण्यासाठी.