तो तर मागच्या पार्टमध्ये मेला होता नं?

मे महिन्यात नागपूरकर सिनेमा निवडत नाही, एसी निवडतो. पारा 45 ला टेकलेला असताना दुपारी बाराला बाहेर पडलंच, तर मॉलच्या थंड अंधारात जे लागलं असेल ते गोड मानून घ्यायचं. हॉलिवूडवालेही आपले अवाढव्य विज्ञानपट नेमके उन्हाळ्यातच काढतात, आणि ते हमखास कशाचा तरी चौथा, पाचवा, सहावा भाग असतात. या विषयातला माझा व्यासंग असा उन्हाने वाढवलेला आहे.

सोबतीला भाचा असतो. पडद्यावर ओळखीचा चेहरा आला की तो कोपर मारतो. "मामा, हा तर मागच्या पार्टमध्ये मेला होता नं?" मी म्हणतो, हो. "मंग?" मग काय? पॉपकॉर्न खा.

पोराने बरोबर नसेवर बोट ठेवलेलं असतं. गुप्तहेराच्या सिनेमांना ही अडचण येत नाही, त्याला दर वेळी नवी कामगिरी मिळते. विज्ञानपटात मात्र थेट जगच पणाला लावलेलं असतं. नायक ते वाचवतो, आपण सुटकेचा निःश्वास टाकतो आणि पार्किंगचे पैसे देऊन घरी येतो. आता पुढचा भाग काढायचा, तर आधी सांगावं लागतं की मंडळी, तुम्ही निःश्वास टाकलात खरा, पण जग काही वाचलं नव्हतं.

'टर्मिनेटर'चंच घ्या. 1984 चा पहिला भाग बेताच्या पैशांत केलेला, घट्ट विणलेला. 1991 च्या दुसऱ्यात जेम्स कॅमेरूनने कमाल केली. पहिल्या भागात जो यंत्रमानव नायिकेच्या जिवावर उठला होता, तोच इथे तिच्या पोराचा राखणदार झाला. यंत्रं माणसावर उलटणार ती तारीखही सांगून टाकली होती, 29 ऑगस्ट 1997. शेवटी ती तारीख टळते, राखणदार स्वतःहून वितळत्या पोलादात उतरतो, आणि गोष्ट संपते. अगदी कुलूप लावून संपते. प्रत्यक्षातलं 1997 चं ते ऑगस्टअखेरही येऊन गेलं. नागपुरात तेव्हा पोळा तोंडावर आलेला होता, जगबुडीला कोणाला सवड नव्हती.

पण कुलपाची किल्ली निर्मात्यांकडे होती. 2003 च्या तिसऱ्या भागाने सांगितलं, संकट टळलं नव्हतं, लांबलं होतं. 2015 च्या पाचव्याने इतिहासच बदलून तारीख 2017 वर नेली. 2019 चा सहावा म्हणाला, मधले तीन भाग घडलेच नाहीत असं समजा. आणि ज्या पोराला वाचवण्यासाठी आख्खे दोन सिनेमे खर्ची पडले, त्याला पहिल्या काही मिनिटांतच गोळी घातली. माणूस चिडतो तो इथे. सिनेमा टुकार आहे म्हणून नाही. आधीचा चांगला सिनेमाही आता मागे जाऊन बिघडवला म्हणून. 'एलियन'च्या तिसऱ्या भागाने 1992 मध्ये हेच केलं होतं. दुसऱ्या भागात जिच्यासाठी जीव टांगणीला लागला, ती मुलगी तिसऱ्याची सुरुवातीची श्रेयनामावली संपेपर्यंत मेलेली. या सिनेमाचं शूटिंग पटकथा पूर्ण नसतानाच सुरू झालं होतं, तेव्हा नवल नाही.

या बाबतीतला बादशहा म्हणजे 'प्लॅनेट ऑफ द एप्स'. 1970 च्या दुसऱ्या भागाच्या शेवटी त्यांनी पृथ्वीच उडवून दिली. कटकटच नको! तरी 1971 मध्ये तिसरा आलाच. स्फोटाआधी तीन वानरं यानात बसून निसटली आणि काळाच्या उलट दिशेने आपल्या काळात उतरली. आता बोला. पृथ्वी राहिली नाही हेसुद्धा पुढचा भाग न काढण्याचं पुरेसं कारण ठरत नाही.

दुसरं दुखणं नवलाईचं. 1993 चा 'जुरासिक पार्क' पुढच्या वर्षी हिंदीत येऊन आपल्याकडच्या टॉकीजांतही धुमाकूळ घालून गेला. दोन तासांहून मोठ्या त्या सिनेमात डायनासोर दिसतात जेमतेम पंधरा मिनिटं. बाकीचा वेळ ते येणार म्हणून आपण खुर्चीचे हात धरून बसलेलो असतो. गाडीत ठेवलेल्या पेल्यातल्या पाण्यावर गोल तरंग उठतात, एवढंच. ते तरंग उठवायला डॅशबोर्डखाली गिटारची तार ताणून छेडली होती. एका तारेत सगळ्या थिएटरला धडकी! 2015 च्या 'जुरासिक वर्ल्ड'मध्ये याच्या उलट डायनासोर पोत्याने आहेत, आणि उद्यानाची व्यवस्थापक बाईच तक्रार करते की आता त्यांचं कोणाला अप्रूप राहिलेलं नाही, म्हणून प्रयोगशाळेत आणखी मोठा, आणखी दातेरी प्राणी बनवावा लागला. पटकथेत इतका सरळ कबुलीजबाब मी दुसरीकडे पाहिलेला नाही. धंदा मात्र दीड अब्ज डॉलरच्या वर गेला, म्हणजे बाईचा हिशेब चुकला असंही म्हणता येत नाही.

तरी परत येणं हाच गुन्हा आहे, असं नागपूरच्या माणसाला म्हणता यायचं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे काळी आणि पिवळी मारबत निघते, म्हणजे ईडापीडेच्या पुतळ्यांची मिरवणूक. शंभराहून जास्त वर्षं झाली, दरवर्षी 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणत जाळायची, आणि पुढल्या वर्षी ती हजर. "मागच्या वर्षी तर जाळली होती नं?" असं कोणी विचारत नाही, कारण ईडापीडा कायमची गेली असं कोणी सांगितलेलंच नसतं. आणि सोबत निघणारे बडगे, म्हणजे गल्लीगल्लीतले पुतळे, दर वर्षी ताजे. कधी महागाईचा, कधी भ्रष्टाचाराचा. त्या वर्षी लोकांच्या जिवाला ज्याचा घोर असेल, त्याचा. गल्लीतल्या पोरांना हे कळतं, स्टुडिओवाल्यांना कळत नाही. ते मागच्याच वर्षीचा बडगा दोन फूट उंच करून आणतात.

जे थोडे पुढचे भाग उतरले, त्यांनी भीती बदलली होती. 'एलियन'चा पहिला भाग म्हणजे बंद यानातली भुताची गोष्ट. 1986 चा दुसरा सरळ युद्धपट, आणि त्याच्या पोटात दोन आयांचं भांडण. वानरांची मालिका 2011 मध्ये नव्याने सुरू झाली तेव्हा गोष्ट वानराच्या बाजूने सांगितली गेली, आणि 2014 चा भाग तर मला आधीच्यापेक्षा सरस वाटला.

भाच्याला यातलं काही पटत नाही. त्याने डायनासोर पाहिले ते थेट 2015 च्या सिनेमात, त्यामुळे त्याच्या लेखी तोच मूळ आणि 1993 चा म्हणजे कुठला तरी जुना, स्लो पार्ट. परवा त्याला घरी तो मुद्दाम दाखवला. अर्धा तास "डायनासोर कधी येते?" चाललं होतं. पाण्याचा पेला हलला तेव्हा मात्र तो मांडी घालून नीट बसला. संपल्यावर म्हणाला, "मस्त होता बे... म्हणजे, मामा." आणि लगेच, "आता याचा दुसरा लाव." मी म्हटलं, नको लावू, पस्तावशील. रिमोट त्याच्याच हातात होता.