धूर वर जातोय ना, मग?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. जुन्या घरांची धुराडी साफ करायला जातो तिथे हा प्रश्न ठरलेला: "धूर तर सरळ वर जातोय, मग फायरप्लेस पेटवू नका असं का म्हणता?" काहीजण तोंडावर सांगतात, दुरुस्तीचं काम काढायचा डाव आहे. ऐकून ऐकून कान किटले आहेत.

धूर तुमच्या डोळ्यांदेखत नळीत शिरतो, पण पुढे कुठे जातो ते तुम्हाला दिसत नाही. जुन्या शहरी घराच्या एका धुराड्यात तीन-चार, कधी त्याहून जास्त नळ्या असतात, प्रत्येक खोलीची वेगळी. बाहेरून एकच खांब दिसतो. आत त्या एकमेकींना खेटून, वाकणं घेत वर चढतात. दोन नळ्यांच्या मध्ये जेमतेम अर्ध्या विटेची भिंत. आतून चुन्याचा गिलावा, कित्येकदा चुन्यात शेण कालवलेला. शंभर वर्षं धुरातलं आम्ल आणि वरून झिरपणारं पाणी पिऊन तो भुसभुशीत होतो, विटांचे सांधे मोकळे पडतात. ब्रश काजळी काढतो. भोक दाखवणं त्याचं काम नाही.

हे मला वस्तादांनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. तरीही पुढचं घडलं.

त्या घरात तळमजल्यावरची फायरप्लेस रोज पेटायची. वरच्या खोलीत मालकीणबाईंची आई राहायची, ऐंशीच्या घरातली. तिथली फायरप्लेस केव्हाच फळी ठोकून बंद केलेली, पुढे कपाट. मी काठ्या जोडत ब्रश चढवला, बाहेर जाऊन तो टोकातून निघालेला पाहिला, दोन बादल्या काजळी काढली. बादली उचलताना काळ्या भुकटीत पांढुरके खडे दिसले. एक बोटांत धरून दाबला, त्याचं पीठ झालं. चुना. जुनं घर आहे, थोडा गिलावा पडणारच, असं मनाशी म्हणालो आणि पोत्याचं तोंड बांधलं.

आजी जिन्यापर्यंत आल्या होत्या. म्हणाल्या, "माझ्या कपाटामागची भिंत संध्याकाळी कोमट लागते हो." मी म्हणालो, "खाली आग असते ना आजी, ऊब वर येणारच." पुढच्या घरी वेळ दिलेली होती. वर गेलो नाही. कागद पेटवून धरला, धूर झपकन ओढला गेला. मालकीणबाईंना सांगितलं, बिनधास्त पेटवा.

तिसऱ्या रात्री फोन आला. आजी उलट्या करत होत्या, डोकं गच्च धरून बसल्या होत्या, लेकीला ओळखत नव्हत्या. कोंडल्यासारखं वाटतंय म्हणून लेकीनं खिडकी उघडली, तेवढ्यानं जीव वाचला. आगीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना रंग ना वास, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो. धुरातली बरीचशी काजळी फटींमध्ये आणि फळीमागे अडकून राहते. वायू मात्र त्याच फटींतून खोलीत येतो. म्हणून धूर दिसलाच नाही.

नंतर मी जाऊन कपाट सरकवलं. मागे भिंतीच्या कागदावर तळहाताएवढा तपकिरी डाग. फळी काढून टॉर्च मारला, तर दोन विटांमध्ये माझं बोट आरपार जात होतं. खाली चाचणीसाठी भरपूर धूर सोडणारी गोळी पेटवली आणि वर येऊन उभा राहिलो. मिनिटभरात त्या फटीतून धुराची एक बारीक दोरी बाहेर आली.

त्या वेळचा मी अजून माझ्याशी वाद घालतो. ब्रश पूर्ण गेला होता, ओढ चांगली होती, चुकलं कुठे? आणि भोक आधीपासूनच होतं, की माझ्याच ब्रशनं सैल गिलावा पाडून ते मोकळं केलं? दोन्ही शक्य आहे. त्या तीन दिवसांआधी आजींना असा त्रास झाला नव्हता, एवढंच मला ठाऊक आहे.

सबबी सांगायची सवय आमच्या धंद्यात जुनी आहे. इंग्लंडमध्ये जॉर्ज स्मार्टनं 1803 मध्ये जोडकाठ्यांचा ब्रश काढला, तरी नळीत लहान मुलं चढवणं चालूच राहिलं, कारण म्हणे ब्रश वाकणांत पोचत नाही. 1875 मध्ये जॉर्ज ब्रूस्टर नावाचा मुलगा केंब्रिजजवळच्या एका इस्पितळाच्या धुराड्यात अडकून दगावला, तेव्हा कुठे मुलं चढवण्याविरुद्धचा कायदा कडक झाला. हे वाचलं तेव्हा मला माझी बांधलेली पोत्याची गाठ आठवली.

म्हणून मी आता वरच्या खोल्यांत जातो, कपाटं सरकवायला लावतो, भिंतीला हात लावून पाहतो, धुराची चाचणी करतो. नळी जिथून जाते त्या प्रत्येक खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा म्हणतो. ओलं लाकूड जाळू नका म्हणतो. त्याचा धूर थंड होऊन नळीत डांबरासारखा थर धरतो आणि एक दिवस तो थरच पेट घेतो. हे तुम्हाला जाच वाटतं, कळतं मला.

पण माझं सगळं बरोबर असतं असंही नाही. गेल्या थंडीत एका एकट्या राहणाऱ्या आजोबांना पेटवू नका म्हणालो. घरात दुसरी ऊब नव्हती, नळीत स्टीलचं अस्तर घालायचा खर्च त्यांना झेपणारा नव्हता. त्यांनी विचारलं, "मग रात्र काढू कशी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. गाडीतला माझा अलार्म आणून भिंतीला लावला आणि कागदावर "पेटवू नये" असं लिहून दिलं. दोन्ही एकदम कसं केलंस म्हणाल, तर सांगता येत नाही. निघाल्यावर कोपऱ्यावरून मागे वळून पाहिलं. धुराड्यातून अजून काही निघत नव्हतं.