पॅल्पटीनच्या दालनातील बैठक

‘स्टार वॉर्स’ या चित्रपटमालिकेतील प्रजासत्ताकाच्या अखेरीविषयी बोलताना बहुतेक जण २००५ सालच्या चित्रपटात साम्राज्याची घोषणा होताच सिनेटमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, झालेल्या टाळ्यांच्या कडकडाटाचा दाखला देतात. प्रसंग प्रभावी आहेच. परंतु तोवर जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. माझ्या मते या गाथेतील राजकारणाचा गाभा २००२ सालच्या चित्रपटातील एका लहानशा बैठकीत आहे.

फुटीरतावाद्यांनी सैन्य जमवल्याची बातमी प्रजासत्ताकाचा प्रमुख असलेल्या चान्सलर पॅल्पटीनच्या दालनात येऊन थडकते. सिनेटने चान्सलरांना आणीबाणीचे अधिकार दिले, तरच क्लोन सैन्य, म्हणजे एकाच माणसाच्या प्रतिकृती असलेल्या सैनिकांचे सैन्य, वापरता येईल, असे त्याचा सहकारी मास अमेडा म्हणतो. इतका धाडसी प्रस्ताव मांडणार कोण, असे पॅल्पटीन विचारतो, तेव्हा सिनेटर अमिडाला येथे असत्या तर बरे झाले असते, असे अमेडा सुचवतो. त्यांच्या जागी काम पाहणारा भोळा जार जार बिंक्स तिथेच उभा असतो. कोथरूडला घरी हे पाहताना माझी भाची म्हणाली, “मामा, पण त्याला तर कुणी काही सांगितलंच नाही!” तिने नेमके हेरले होते. त्याच्यावर कोणीही दबाव आणत नाही. एक जागा रिकामी असल्याची जाणीव तेवढी करून दिली जाते आणि आपण कर्तव्यच बजावतो आहोत, अशा समजुतीने तो सिनेटमध्ये उभा राहतो. सैन्य उभारण्याला ज्या पद्मे अमिडालाने सर्वाधिक विरोध केला, जिला जिवावरच्या हल्ल्यांमुळे राजधानी सोडावी लागली, तिच्याच आसनावरून तो प्रस्ताव मांडला जातो. १९९९ सालच्या पहिल्या भागात पॅल्पटीनची चान्सलरपदाची वाट मोकळी करणारा, तेव्हाच्या चान्सलरविरुद्धचा अविश्वासाचा ठरावही तिनेच मांडलेला होता.

दहा वर्षांपूर्वीच मागणी नोंदवलेले दोन लाख क्लोन तयार असतात, आणखी दहा लाख घडत असतात, आणि शत्रूपक्षाची सूत्रेही पॅल्पटीनच्याच हाती असतात. संकट ओसरताच अधिकार सोडण्याचे वचन तो देतो खरे, पण ठरावात मुदत असल्याचे कुठेही ऐकू येत नाही.

येरवड्याच्या तुरुंगात ‘मिसा’ या विनाचौकशी स्थानबद्धतेच्या कायद्याखाली डांबलेल्यांच्या आठवणी अजून ज्या पुण्यात सांगितल्या जातात, तेथे हा तपशील सहज नजरेआड होत नाही. २५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपतींनी आणीबाणीच्या उद्घोषणेवर सही केली आणि मंत्रिमंडळाला ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळले. पुढे १९७६ मध्ये लोकसभेने स्वतःचीच मुदत दोनदा वाढवून घेतली. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय, महिन्याभरात संसदेची विशेष बहुमताने मान्यता आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा मान्यता, अशा अटी आणीबाणीविषयीच्या कलम ३५२ मध्ये घातल्या. त्या सिनेटजवळ यांपैकी एकही अट असल्याचे दिसत नाही. २००५ सालच्या भागात, मुदत संपूनही चान्सलर पदावर आहेत अशी शंका प्रजासत्ताकाचा रक्षक योद्धा ओबी-वान काढतो, तेव्हा त्यांनी राहावे ही सिनेटचीच मागणी होती, असे त्याचा माजी शिष्य अ‍ॅनाकिन उत्तर देतो, आणि ते उत्तर अक्षरशः खरे असते.